सातवं नाव

भुताखेताच्या गोष्टी मले सांगायच्या नाहीत. बत्तीस वर्षं झरी जामणीकडल्या एका उपकेंद्रावर सिस्टर होती मी. साप चावलेलं माणूस भगताकडे नेलं म्हणून त्याच्या भावाले, सासऱ्याले अन् खुद्द त्या भगताले, तिघायलेबी भर रस्त्यात झापलं आहे. विजयमाला सिस्टर येऊन राह्यली असं कळलं की पोडावरचे, आदिवासी वस्तीतले, लोक अंगाऱ्याच्या पुड्या लपवत. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, आत्मा-बित्मा आम्ही मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कायले की पुढचं ऐकून तुम्ही म्हणसान, बाई उन्हानं फिरली. फिरली नाही. माही शुगर, बीपी, सारं नॉर्मल आहे.

माह्या नवऱ्याचं नाव धर्मपाल. पांढरकवड्यात त्यायले नावानं कोणी हाक मारत नाही, सारे 'सर' म्हणतात. मीबी सरच म्हणते. तेहतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला त्यायनं. पुस्तकात नसलेलं जास्त शिकवलं. नालंदा, विक्रमशिला, तिथून हिमालय चढून तिबेटात गेलेले पंडित, हे सारं बोलता बोलता तास संपे अन् पोरायचा अभ्यासक्रम राहून जाई. हेडमास्तर बोंबलत. सर म्हणत, "आपल्याले धम्म छप्पन साली परत मिळाला. त्या लोकायनं तो हजार वर्षं थंडीत सांभाळून ठेवला. त्यायची नावं तरी पोरायले माहीत पाह्यजेत."

रिटायर झाले अन् म्हणे, "माला, औंदाची बुद्धपौर्णिमा तिकडेच करू." तिबेटात जायचं म्हणजे परवान्यायची कटकट, म्हणून स्पिती ठरलं. तिबेटातल्याच एका जुन्या राज्याचा आपल्या देशात राह्यलेला तुकडा, असं सरायनं मले नकाशावर बोट ठेवून समजावलं. नागपूरवरून दिल्लीमार्गे चंदीगडले गेलो, अन् तिथून छेरिंग नावाच्या ड्रायव्हरची गाडी. तो स्पितीचाच, तीस-बत्तीसचा, कमी बोलणारा. बोले हिंदीत, मी मराठीत सांगते.

तीन दिवस गाडी नुसती चढतच होती. पहिल्या दिवशी देवदार, दुसऱ्या दिवशी सफरचंदाच्या बागा, तिसऱ्या दिवशी झाडच संपलं. कपाशीची पऱ्हाटी उपटल्यावर आमच्या केळापूरचं शिवार कसं उघडं पडते, तसे डोंगरच्या डोंगर उघडे. आभाळ इतकं गडद निळं की भर दुपारी सांज झाल्यावाणी वाटे. गाडी थांबली की कानात आपलंच रक्त ऐकू येई. कावळा नाही, कुत्रं नाही, काही नाही. खरं सांगते, मले ते आवडलं नाही. सर मात्र खिडकीतून मुंडकं बाहेर काढून बसलेले. मी दर दोन तासानं त्यायच्या बोटाले ऑक्सिमीटर लावे अन् ते हात झटकत.

"सिस्टर, सुट्टीवर आहे तू."

"तुमाले चक्कर आली म्हणजे समजीन कोण सुट्टीवर आहे तं."

ताबोचा मठ पाह्यला. हजार वर्षांच्या वरचा, मातीचा. बाहेरून पाहान तं आपल्या इकडचं कुडाचं गोदाम वाटीन. आत अंधार, अन् अंधारात भिंतीभर चित्रं. सरायनं टॉर्च धरून एकेक चित्र पाह्यलं. तिथं बसूनच त्यायनं मले एकवीस पोरायची गोष्ट सांगतली. येशे-ओ नावाचा तिथला राजा होता. त्यानं आपल्या राज्यातली एकवीस हुशार पोरं निवडून धम्म शिकाले खाली काश्मिरात, आपल्या देशात पाठवली. थंड हवेतली पोरं ती. कोणी तापानं गेलं, कोणी उन्हानं, कोणाले साप चावला. एकोणीस मेली. दोनच परत आली, अन् त्या दोघायनं पुढचं सारं उभं केलं, असं जुन्या पोथ्यायत आहे.

"एकोणीस पोरं, माला. आपल्या उन्हानं मारली."

"आपल्या कायले? तेव्हा तुम्ही होते का मी होती?"

सर चष्मा पुसत राह्यले.

छेरिंग मागं उभा राहून ऐकत होता. त्याले काय वाटलं कोणास ठाऊक, गाडीत बसल्यावर म्हणे, माह्या आईचं गाव इथून वर आहे. त्या एकोणीसपैकी काही पोरं आमच्याच बाजूची होती असं आमचे लोक मानतात. दरसाल बर्फ हटला की गावातल्या बाया खिंडीत जातात अन् दक्षिणेकडे तोंड करून त्या साऱ्या एकोणीस पोरायची नावं घेतात. परवा आहे. पाहाचं असंन तं नेतो, पण तिथं कोणी बोलायचं नाही. खोकला आला तरी तोंडावर रुमाल दाबायचा. सर तं लहान पोरावाणी हरखले. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कोणी तिकडे जाऊ नये असं मले वाटते.

खिंडीत वारा असा की उभं राहाता येईना. पंधरा-सोळा बाया होत्या, जाड लोकरीच्या झग्यायत, पुढं छेरिंगची आजी. बुटकी, सुरकुतलेली, डोळे मात्र पाण्यावाणी साफ. तिनं एक नाव मोठ्यानं हाकारलं. खाली दरीत, दक्षिणेकडे. मंग साऱ्या गप्प. एक लांब श्वास घेऊन सोडाले जितका वेळ लागते तितकं थांबायचं, उत्तराची वाट पाहायची, अन् मंग दुसरं नाव. रडणं नाही, पूजा नाही, काही नाही. घरासमोर उभं राहून खेळणाऱ्या पोराले जेवाले बोलवावं, तसा सूर. तिसरं नाव. चौथं, पाचवं, सहावं. मी सरायकडे पाह्यलं तं त्यायच्या डोळ्यातून धार लागलेली.

सातवं नाव आलं. ते नावबी मी इथं घेत नाही. बाया गप्प झाल्या, वारा तेवढा वाजत होता, अन् माह्या बाजूनं आवाज आला.

"हजर."

तुमाले सांगते, सर येडे नव्हते. तेहतीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस तो. नववी 'ब' मध्ये लखन नावाचं पोरगं डेंग्यूनं गेलं, तं सरायनं वर्ष संपेपर्यंत त्याचं नाव काटलं नव्हतं. रोज त्याचं नाव घ्यायचे अन् सारा वर्ग मिळून 'हजर' म्हणे. नाव घेतलं अन् कोणीच काही बोललं नाही, हे त्यायले सहनच होत नव्हतं. दया आली, तोंडातून निघून गेलं. इतकीच चूक.

मले वाटलं आता बाया भांडतीन. कोणी भांडलं नाही. म्हातारीनं उरलेली बारा नावं घेतली, तशीच थांबत थांबत. मंग ती सरायजवळ आली. दोन्ही हातानं त्यायचं तोंड धरलं, कानाच्या मागं पाह्यलं, हात उलटे करून तळवे पाह्यले, अन् काहीतरी बोलली. एकेक बाई येऊन त्यायच्या बाहीले हात लावून गेली. कोणीतरी जवाच्या पिठाचा गोळा त्यायच्या तोंडात घातला. सर लाजून हसत होते. मी छेरिंगले विचारलं, आजी काय म्हणली? तो म्हणे, काही नाही, म्हातारी आहे.

परतताना गाडीत छेरिंग आरशातून माह्याकडे पाहून म्हणे, "बाई, पुढच्या साली त्या अठराच नावं घेतील." थोड्या वेळानं आणखी म्हणे, "सरांना एवढ्यात गरम जागी नेऊ नका."

मले हसू आलं. "अरे बाबा, आम्ही पांढरकवड्याचे आहो. गरम जागा आमाले तू काय सांगतं?"

घरी आलो तं ऊन तापलेलंच होतं. आता आमच्याकडचा मे महिना काय नवा आहे का? सर जन्मले तेव्हापासून त्याच उन्हात आहेत. दुपारी बारा वाजता उघड्या डोक्यानं सायकलवर बाजारात जाणारा माणूस. आल्यावर मात्र फरशीवर पाणी टाकून त्यावर पडून राह्यले. गालायवर लाल चकदे उठले, चिरा पडल्या, त्या डोंगरातल्या लोकायच्या गालायवर असतात तशा. मी म्हटलं, तिकडच्या वाऱ्यानं कातडी सोलली असंन, अन् क्रीम लावलं. भाकर खाणं सुटलं. चहात मीठ टाकून मागू लागले. कूलरसमोर बसायचे, पण तोंड नेहमी उत्तरेच्या भिंतीकडे.

मे महिन्याच्या पंचवीस तारखेले नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, अन् त्याच दुपारी त्यायले ताप भरला. एकशे चार. मी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. त्यायनं डोळे उघडले, माह्याकडे पाह्यलं अन् एकदम शुद्ध, सभ्य आवाजात म्हणाले, "बाई, थोडं पाणी द्याल का?"

चौतीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं मले बाई म्हटलं नव्हतं. 'माला, पाणी दे वं,' हेच ऐकत आली मी. मले वाटलं, तापात बरळून राह्यले. पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "घरी कधी जायचं?"

"घरीच आहात नं अवो तुम्ही."

"हो, हो," म्हणाले, अन् हसले. पाहुणा यजमानाचं मन राखाले हसते नं, तसे.

शेजारच्या मथुराबाई फाटकातूनच पाहून म्हणल्या, "सिस्टर, हे बाहेरचं आहे वं." मी त्यायले असं काही फटकारलं की बिचाऱ्या तशाच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सरायले यवतमाळले दवाखान्यात भरती केलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही, छातीचा फोटो साफ, रक्त साफ. एसी अठरावर, काखेत बर्फ, तरी ताप उतरेना. तरणा डॉक्टर होता, हुशार होता. फाईल पाहून पाहून मले म्हणे, "मावशी, याच्या शरीराले उन्हाची सवयच नाही असं दिसते. पेशंट कुठला आहे?"

"इथलाच," मी म्हटलं. "केळापूरचा जन्म."

त्यानं फाईलवरचा पत्ता पुन्हा वाचला.

पाचव्या दिवशी दुपारी वॉर्ड सुनसान होता. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडकीच्या काचेतून ऊन आत घुसलेलं. सर उठून बसले अन् बोलू लागले. शिकवायच्याच आवाजात, सावकाश, जसं फळ्यावर लिहून देऊन राह्यले.

म्हणाले, आम्ही एकवीस जण निघालो तेव्हा बर्फ होतं. खाली उतरत गेलो तसे एकेक कपडा टाकत गेलो. पहिला मेला तो नदीवर. पाणी पाहून धावला, पोटभर प्याला अन् तिथंच पडला. दुसऱ्याले साप चावला, आम्हाले साप माहीतच नव्हता, आम्ही त्याले दोरी समजून उचललं होतं. तिसरा अन् चौथा एकाच दिवशी. त्यायच्या वाट्या आम्ही वाटून घेतल्या. पाचवा रडे फार, आईले हाका मारे. सहावा माह्या मांडीवर गेला.

मी बारीक आवाजात विचारलं, "हे कोणत्या पुस्तकात आहे, सर?"

"सातवा मी," ते म्हणाले. "मले नऊ दिवस लागले."

मंग आडवे झाले अन् भिंतीकडे तोंड करून निजले. मी स्टुलावर बसली होती. पंचवीस तारखेपासून मोजलं. तो पाचवा दिवस होता. मोजायचं नव्हतं मले, पण बत्तीस वर्षं तापाचे तक्ते भरले आहेत, बोटं आपोआप मोजतात.

बाहेर येऊन छेरिंगले फोन लावला. म्हटलं, "खरं सांग आता. तुही आजी काय म्हणली होती?"

"ती म्हणली, किती उशीर केलास रे."

"मी त्यायले वर आणलं तं?"

"वर आणलं तर जगतील."

"अन् माहे राह्यतीन का?"

"बाई, ते मला माहीत नाही. इथं त्यांची वाट पाहणारे खूप आहेत."

मले असा राग आला, असा राग आला! म्हटलं, तुमची वाट हजार वर्षांची असंन, माही चौतीस वर्षांची वाट काय रस्त्यावर पडली आहे का? फोन आपटला. अन् मंग भिंतीले टेकून रडली. दवाखान्यातले लोक पाहात होते, पाहू द्या.

सहाव्या दिवशी मी सरायले डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध, माह्या सहीवर घरी नेते म्हणून लिहून दिलं. ज्या कागदावर सही करणाऱ्या लोकायले मी आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याच कागदावर. नर्स पोरगी मले समजावत होती, "काकू, असं नका करू, पेशंट जाईन." मीबी हेच वाक्य, याच सुरात, हजारदा बोललेली आहे. नागपूरले आमची मैत्रेयी एअरपोर्टवर आली. एकुलती एक पोरगी, औषधाच्या कंपनीत नोकरीले आहे. रडून डोळे सुजलेले.

"आई, तू सिस्टर आहे! तू बाबाले आयसीयूत न्यायचं सोडून डोंगरावर नेऊन राह्यली? तुले झालं काय?"

"चार दिवस आहेत माह्याजवळ," मी म्हटलं. "चार दिवस मले काही विचारू नको."

तिनं बापाच्या गळ्यात पडून मिठी मारली. सर उभे राह्यले, हात खाली सोडून, ती सोडीन तेव्हा सोडीन म्हणून. पोरीले ते कळलं. तिनं माह्याकडे पाह्यलं अन् आमची बॅग गेटापर्यंत पोचवून दिली.

विमानात, गाडीत, ताप एकशे चार, एकशे साडेचार. छेरिंगले मी पुन्हा फोन केला होता, सातव्या दिवशी तो चंदीगडले उभा होता. त्यानं सरायले पाह्यलं अन् न सांगता गाडी रात्रंदिवस हाणली. आठव्या दिवशी सफरचंदाच्या बागा लागल्या तं एकशे तीन. नवव्या दिवशी सकाळी झाडं विरळ होऊ लागली तं एकशे दोन. एका वळणावर, जिथं शेवटची चार-दोन झाडं होती, सरायनं डोळे उघडले. इकडे तिकडे पाह्यलं, माह्या मांडीवर डोकं होतं त्यायचं.

"माला," म्हणाले, "पाणी दे वं. अन् आपण कुठी आहो?"

मी ओरडलीच, "थांबव! थांबव गाडी!"

छेरिंगनं गाडी कडेले लावली. मी थर्मामीटर लावला, एकशे एक. सर उठून बसले. एकदम आपले, घरचे, नेहमीचे सर. बिस्किटं खाल्ली. म्हणाले, मैत्रेयी कुठी आहे, तिले फोन लाव. फोनले रेंज नव्हती. म्हणाले, तुहे डोळे काहून असे झाले, झोपली नाही का? मी त्यायच्या छातीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. ते माह्या पाठीवर हात फिरवत होते, "अवं, झालं काय? झालं काय तुले?" मी छेरिंगले म्हटलं, आम्ही इथंच राह्यतो. इथंच खोली पाहून दे, तंबू टाकून दे, झोपडी बांधून दे. याच उंचीवर. वर नको अन् खालीबी नको.

अर्ध्या तासानं छेरिंगनं फक्त माह्या हातातल्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. एकशे दोन. मंग दहा मिनिटांनी एकशे तीन. सरायचे ओठ पांढरे पडून राह्यले होते, श्वास उथळ. पण मले ओळखत होते. माहा हात धरला होता. दुपारचा एक वाजला होता अन् तो नववा दिवस होता. मी अर्धं आयुष्य मरणारी माणसं पाह्यली आहेत, कोण किती वेळाचं आहे हे मले नखं पाहून कळते. त्यायची नखं निळी होऊन राह्यली होती.

"माला," सर हळूच म्हणाले, "मले वर नको नेऊ. मले तिथं मी सापडत नाही."

तुम्ही असते तं काय केलं असतं, सांगा. माह्या मांडीवर माहा माणूस, माहा म्हणून मरत होता. मी त्यायच्या कपाळावरून हात फिरवला. त्यायनं डोळे मिटेपर्यंत थांबली. मंग छेरिंगले म्हटलं, "चल."

झाडं मागं पडली. शंभर. नव्व्याण्णव. खिंडीच्या अलीकडे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नखं गुलाबी झाली. माह्या हातातून त्यायचा हात कधी सुटला ते मले कळलंच नाही. सर ताठ बसले होते अन् खिडकीतून बाहेर पाहात काहीतरी गुणगुणत होते, ते गाणं आपलं नव्हतं.

गावाच्या खाली गाडी थांबली. सारं गाव उतारावर उभं होतं. त्यायले कोणी सांगतलं, मी विचारलं नाही. सर दार उघडून उतरले अन् चढण चढू लागले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, नऊ दिवस धड अन्न नाही, अन् पोरावाणी टणाटणा चढला. मी मागून चार पावलं टाकली अन् बसली, छातीत हवा मावेना. वर म्हातारीनं त्यायले जवळ घेतलं. ते तिच्याशी बोलत होते, भराभर, हात हलवत, हसत, तिच्याच भाषेत. अडखळणं नाही, शोधणं नाही. बाया त्यायच्या तोंडाकडे पाहात होत्या अन् रडत होत्या. इतका आनंद मी आजवर कोणाच्या दारात पाह्यला नाही. अन् त्या आनंदाचा मले असा संताप येत होता की वाटे, तिथूनच ओरडावं, माहा आहे तो, माहा.

मी ओरडली. "सर!" नाही वळले. "अवो!" नाही वळले. मंग जे कधीच केलं नव्हतं ते केलं, नावानं हाक मारली. "धर्मपाल!"

ते वळले. नाव ऐकून नाही, आवाज मोठा होता म्हणून. मले पाह्यलं. दोन्ही हात जोडून, मान लववून नमस्कार केला. मंग म्हातारीकडे वळून काहीतरी सांगतलं. म्हातारीनं माह्याकडे पाहून मान हलवली. एक बाई घरात पळाली.

"काय म्हणाले?" मी छेरिंगले विचारलं.

तो गाडीचं दार लावाले वळला.

"सांग लवकर!"

"ते म्हणाले," छेरिंग म्हणाला, "खालच्या गरम मुलुखात मी आजारी होतो तेव्हा या बाईनं माझी फार सेवा केली. यांना चहा द्या. यांना खूप लांब जायचं आहे."

ती बाई लाकडी वाटीत चहा घेऊन आली. खारा होता, वर लोण्याचा तवंग. सर तिथून पाहात होते, पाहुणीनं घेतला की नाही ते. मी दोन्ही हातानं वाटी धरली अन् सारा चहा पिली.